‘इथे’ म्हणजे कुठे?

टेलिफोनचा बोर्ड काढायला दोन माणसं आली होती. एक जण स्क्रू सोडवत होता, दुसरा वायरी गुंडाळत होता. मी माझ्या खुर्चीत बसून ऐकत होतो.

“साहेब, जरा पाय वर घ्या,” वायरवाला म्हणाला.

मी पाय वर घेतले. माझ्या खालून त्याने शेवटची वायर ओढून घेतली आणि ज्या बोर्डासमोर माझं तरुणपण गेलं, तो एका पोत्यात जाऊन पडला. पोतं ओढत नेल्याचा आवाज जिन्यापर्यंत येत राहिला, मग थांबला.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मल्लिनाथ बिराजदार, सोलापूरच्या सिद्धनाथ सहकारी बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो. जन्मापासून आंधळा. बाहेरून फोन आला की माणूस आवाजावरून ओळखायचा आणि त्याला हव्या त्या टेबलाशी जोडून द्यायचं, हे माझं काम. ते मला चांगलं जमायचं. काही खातेदार नुसते खाकरले तरी मी त्यांची नावं घेत असे. आता त्या जागी एक यंत्र आलं होतं. ते फोन करणाऱ्याला स्वतःच सांगायचं, कर्जासाठी एक दाबा, ठेवींसाठी दोन दाबा.

संध्याकाळी कॉम्प्युटर विभागाचे कोरे साहेब खाली आले. माणूस सरळ होता. माझ्याशी बोलताना उगाच आवाज चढवायचा नाही.

“बिराजदार, पगाराची काळजी करू नका. तुमची खुर्ची, टेबल, सगळं इथेच राहील.”

“आणि काम?”

“कामाचं काय हो. बसा निवांत. कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही.”

मी तसा बसलो. सकाळी यायचं, सही करायची, रिकाम्या टेबलावर हात ठेवून बसायचं. येणारे-जाणारे “काय बिराजदार, मजा आहे” म्हणत पुढे जायचे. दुपारी शिपाई चहा आणून ठेवायचा आणि कप नेताना ‘बरं आहे ना?’ असं आजारी माणसाला विचारावं तसं विचारायचा. एके दिवशी मी काठी घेतली आणि जिना चढून कोरे साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“साहेब, तुमच्याकडे माणसं कमी पडतात असं ऐकतो. कुठलं काम अडतं?”

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, “शाखांकडून दर आठवड्याला याद्या येतात. प्रत्येक शाखेची तऱ्हा वेगळी. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी तारीख उलटी लिहितं. ते सगळं एका साच्यात बसवायला माझी दोन माणसं अडकून पडतात. पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला तर होईल, पण लिहायला सवड कुणाला आहे?”

“पायथन म्हणजे?”

“प्रोग्रामिंगची भाषा. शिकायला सोपी म्हणतात.”

“मी शिकलो तर?”

“बिराजदार, वर सगळा खेळ स्क्रीनचा असतो.”

“घरी माझ्या कॉम्प्युटरला स्क्रीन रीडर आहे. जे लिहिलेलं असतं ते तो वाचून दाखवतो. मी पत्रं लिहितो त्याच्यावर.”

“ठीक आहे,” ते म्हणाले. “दिवाळीनंतर काहीतरी करून दाखवा. मग बोलू.”

त्यांनी हे मला टाळायला म्हटलं असेल, पण मला तेवढं पुरलं.

मला वाटलं होतं शिकणं अवघड जाईल. शिकण्यापर्यंत पोचणंच अवघड होतं. नवी पेठेतल्या एका क्लासमध्ये गेलो. तिथले सर फार अदबीने म्हणाले, “तुम्ही पुढच्याच बाकावर बसा, म्हणजे स्क्रीन नीट...” आणि तिथेच थांबले. दोन तास मी कीबोर्डांची टकटक ऐकली. “आता हे असं लिहा, आणि इथे बघा काय आलं,” असं सर म्हणायचे आणि सगळा वर्ग “हां” म्हणायचा. मी सोडून.

मेहुण्याने पुस्तकांचा एक ढीग पेनड्राइव्हवर भरून दिला. ती पुस्तकं पानांचे फोटो काढून केलेली होती. स्क्रीन रीडर प्रत्येक पानावर ‘ग्राफिक’ एवढंच म्हणायचा आणि पुढे जायचा. इंग्रजीतली एक-दोन संकेतस्थळं वाचता आली, पण ती ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी लिहिल्यासारखी. माझं इंग्रजी फोनवर बोलण्यापुरतं. शेवटी माझी बायको सुगंधा शेजारी बसून वाचून दाखवू लागली. स्वयंपाक आटोपून, पदराला हात पुसत बसायची बिचारी.

“कंस. मग एक टिंब. मग... अहो, ही मिशीसारखी खूण काय आहे?”

“कशी मिशीसारखी?”

“उभी मिशी. मध्ये टोक आलेली.”

तो महिरपी कंस होता हे मला पुढे कळलं. तेव्हा आम्ही दोघंही हसलो, पण चार संध्याकाळींनंतर तिचं हसणं थकलं. मला ते ऐकू आलं. मी म्हटलं, राहू दे आता.

त्याच आठवड्यात मला ताम्हनकर बाईंचे व्हिडिओ सापडले. मराठीतून पायथन. आवाज वयस्कर, स्वच्छ, घाई नाही. चल, म्हणजे व्हेरिएबल, काय असतो हे त्यांनी डब्यांवर लावलेल्या चिठ्ठ्यांवरून सांगितलं. चिठ्ठी तीच राहते, आतला जिन्नस बदलतो. मला पहिल्यांदाच काहीतरी डोक्यात शिरल्यासारखं वाटलं. मी खुर्ची पुढे ओढली. आणि बाई म्हणाल्या, “आता इथे हे लिहिलं, की बघा, खाली हे असं येतं.”

मी तो भाग परत परत ऐकला. इथे, हे, खाली, असं. व्हिडिओच्या शेवटी त्या शंका असल्यास फोन करा म्हणायच्या आणि नंबर सांगायच्या. मी नंबर लावला.

“बाई, मी सोलापूरहून बोलतोय. तुम्ही फार छान शिकवता. पण ‘इथे’ म्हणजे कुठे, ते मला कळत नाही.”

“स्क्रीनवर दिसतंय की, बाणाने दाखवलंय मी.”

“मला दिसत नाही.”

“अस्पष्ट दिसतंय का? कोपऱ्यात एक चाकाचं चिन्ह असेल बघा, तिथून चित्र मोठं...”

“बाई, मी आंधळा आहे.”

पलीकडे शांतता पसरली. अशी शांतता मला पाठ होती. तिच्यानंतर माणसं एकतर ‘अरेरे’ म्हणतात, नाहीतर ‘तुमच्या जिद्दीला सलाम’ म्हणतात, आणि मग फोन ठेवतात.

बाईंनी विचारलं, “पहिल्या धड्यात मी किती ठिकाणी ‘इथे’ म्हटलंय?”

“पुष्कळ.”

“सगळी ठिकाणं सांगता का मला? मी लिहून घेते.”

अशी आमची ओळख झाली. वासंती ताम्हनकर मिरजेला राहायच्या. तंत्रनिकेतनात आयुष्यभर शिकवून निवृत्त झाल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला पहिला धडा पाठवला, व्हिडिओ नव्हे, साध्या अक्षरात लिहिलेला. त्यात ‘इथे’ नव्हतं. ‘प्रिंट हा शब्द लिहा, जागा न सोडता गोल कंस उघडा, त्यात अवतरणचिन्ह द्या’ असं होतं. माझा स्क्रीन रीडर मराठी वाचायचा तो पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा, पण त्या पत्र्याच्या आवाजातही बाई ओळखू यायच्या. मी लिहिलं, एंटर दाबलं, आणि मशीन म्हणालं, ‘नमस्कार सोलापूर’. सुगंधा स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं कुणी पाहुणा आला.

मग धडे येत राहिले. रोज सकाळी बँकेत जायच्या आधी मी बाईंना फोन करायचो आणि कुठे अडलं ते सांगायचो. त्या धडा दुरुस्त करून परत पाठवायच्या. कधी माझ्यावर वैतागायच्याही. “बिराजदार, कळलं नसताना ‘हो’ म्हणू नका. तुमच्या आवाजात कळतं मला.” फोनच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

पाचव्या धड्यापर्यंत सगळं ठीक चाललं. सहाव्यात ‘जर-तर’ आलं आणि माझी गाडी रुतली. प्रोग्राम चालेना. मशीन इंग्रजीत काहीतरी ‘इंडेंटेड’ हवं म्हणत होतं. सुगंधाने शब्दकोश काढला.

“इंडेंटेड. खाचा पाडलेला. दातेरी.”

“दातेरी?”

“असंच लिहिलंय.”

मी बाईंना फोन केला. “माझ्या प्रोग्रामला दात हवेत म्हणे.”

बाई खूप हसल्या. मग एकदम थांबल्या. “अहो, हे मी तुम्हाला सांगितलंच नाही. ‘जर’च्या खालची ओळ थोडी आत सरकवून लिहायची असते. सुरुवातीला मोकळी जागा सोडून.”

“तुमच्या धड्यात तशी सोडली आहे?”

“सोडली आहे ना.”

“मला ती ऐकू आलीच नाही.”

मोकळ्या जागेला आवाज नसतो. माझा स्क्रीन रीडर सगळ्या ओळी एकाखाली एक सारख्याच वाचत होता. मी स्पेसची कळ दाबून ओळी आत घ्यायला लागलो. दोन-तीन ओळींचा प्रोग्राम चालला. पण पुढे बाईंच्या मदतीने बँकेच्या याद्या जुळवणारा प्रोग्राम लिहायला घेतला, तो लांबलचक होता. ‘जर’च्या पोटात आणखी एक ‘जर’, त्याच्या पोटात तिसरा, प्रत्येक पोटाची जागा वेगळी. मी बाणाच्या कळीने एकेक स्पेस मोजत जायचो. खालच्या ओळीला पोचेपर्यंत वरचा आकडा विसरायचो. एक जरी कमी-जास्त झाली की सगळं कोसळायचं. तीन दिवस हेच चाललं; अडलेला प्रोग्राम बाईंनाही पाठवून झाला. चौथ्या सकाळी मी बाईंना म्हटलं, “राहू द्या आता. ही भाषा डोळसांनी डोळसांसाठी केली आहे. तुम्ही फार केलंत माझ्यासाठी.”

“मला उपाय माहीत नाही,” बाई म्हणाल्या. मला सरळ उत्तर मिळालं याचं बरं वाटलं. “पण माहीत नाही म्हणजे उपाय नाही, असं नाही ना. मला थोडे दिवस द्या. तोवर फोन करू नका.”

ते दिवस मी बँकेतल्या रिकाम्या टेबलाशी काढले. मनात ठरवून टाकलं होतं, की आता निवृत्तीपर्यंत चहाचे कप मोजायचे. सुगंधाने एकदाही विषय काढला नाही. फक्त सकाळी फोनची वेळ झाली की ती गॅस बारीक करायची आणि जरा वेळाने पुन्हा मोठा करायची.

आणि एका सकाळी फोन आला.

“बिराजदार, कॉम्प्युटर लावा. स्क्रीन रीडरच्या सेटिंगमध्ये जा. तिथून लिखाणाच्या मांडणीत. टॅब दाबत जा. ‘लाइन इंडेंटेशन’ असं म्हणतो का कुठे?”

मी टॅब दाबत गेलो. “म्हणाला.”

“ते चालू करा. आता तुमचा प्रोग्राम ऐका.”

मी खालचा बाण दाबला. पत्र्याचा आवाज म्हणाला, ‘चार स्पेस’, आणि मग ओळ वाचली. पुढची ओळ. ‘आठ स्पेस.’ पुढची. ‘सात स्पेस.’

“सात,” मी म्हटलं.

“सात,” बाई म्हणाल्या. “तीच ती.”

तीन दिवस मी जिला शोधत होतो ती खोट मला तिच्या जागेवर सापडली. एक स्पेस वाढवली, प्रोग्राम चालवला, आणि तो शेवटपर्यंत गेला. मी तो पुन्हा एकदा चालवून बघितला. बाईंनाही ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, “ओळ आत घ्यायला टॅबची कळ वापरायची नाही. कायम चार, आठ, बारा. धडे मी सगळे नव्याने लिहितेय. प्रत्येक ओळ किती आत आहे ते शब्दांत सांगून. उद्या सकाळी फोन करा नेहमीसारखा.” आणि त्यांनी फोन ठेवला.

दिवाळीनंतर मी कोरे साहेबांच्या विभागात जाऊन बसलो. त्यांनी माझ्यासाठी एका मशीनवर स्क्रीन रीडर बसवून घेतला होता. मागे चार-पाच माणसं उभी होती. त्यांचे श्वास मला ऐकू येत होते. साहेबांनी खऱ्या याद्या दिल्या. बार्शी, पंढरपूर, मोहोळ, सगळ्या नीट गेल्या. अक्कलकोटला प्रोग्राम अडला.

“असू द्या बिराजदार,” साहेब हळूच म्हणाले. “इतकं केलंत तेच पुष्कळ आहे.”

“एक मिनिट, साहेब.”

मी चूक ऐकली. अक्कलकोटच्या यादीत कुणीतरी मध्येच एक ओळ कोरी सोडली होती. ओळ कोरी असेल तर पुढे जा, एवढं मला प्रोग्रामला सांगायचं होतं. मी योग्य जागी गेलो, आठ स्पेस ऐकल्या, ‘जर’ लिहिलं, खाली बारा देऊन पुढची ओळ लिहिली. चालवलं. अक्कलकोट गेलं. त्यामागून करमाळा, सांगोला, सगळ्या गेल्या.

कोरे साहेबांनी यादी उघडून बघितली असावी, कारण माऊसचं चाक बराच वेळ फिरत होतं.

“ही चूक नेमकी कुठे आहे ते तुम्हाला कसं कळलं?” त्यांनी विचारलं.

“ऐकू आलं.”

“सोमवारपासून वर बसा,” ते म्हणाले. “त्या खिडकीजवळचं टेबल तुमचं. वारा चांगला येतो.”

पुढच्या रविवारी मी आणि सुगंधा मिरजेला गेलो. बरोबर शेंगांची चटणी, कडक भाकऱ्या आणि एक सोलापुरी चादर होती. गाडीत मी आभाराची वाक्यं जुळवत होतो. मी बँकेच्या फोनवर इतकी वर्षं बोललेला माणूस, पण एकही वाक्य मला पुरेसं वाटेना.

दार बाईंच्या यजमानांनी उघडलं. सगळे त्यांना बापूसाहेब म्हणत. बाई आत चहा करत होत्या, सुगंधा त्यांच्या मदतीला गेली. बापूसाहेबांनी माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं आणि शेजारी बसले.

“तर तुम्ही बिराजदार. तुमच्यामुळे आमच्या घरात अंधार झाला होता, ठाऊक आहे?”

मला काही कळेना. “काही चुकलं का माझं?”

“अहो नाही. मी एकदा सकाळी फिरून आलो तर ही कॉम्प्युटरसमोर बसलेली, आणि स्क्रीनवर माझा पंचा टाकलेला. मला वाटलं, पुसायला घेतलाय. दुपारी बघतो तर पंचा तसाच, आणि कानाला हेडफोन. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, बिराजदारांना काय ऐकू येतं ते ऐकतेय. तो स्क्रीन रीडर का काय तो तिने आपल्या मशीनवर घालून घेतला होता. माऊस काढून कपाटात ठेवला होता. दोन-तीनदा रडकुंडीला आली. मी म्हटलं, पंचा काढून नुसतं बघ ना एकदा, काय बिघडलंय ते. तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, त्यांना काढता येतो का पंचा?”

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मी मान खाली घातली. मला धडे मिळाले होते ते लिहिलेले, दुरुस्त केलेले, वेळेवर आलेले. ते कुठून येत होते हे मी कधी विचारलं नव्हतं.

“तुम्हाला म्हणून सांगतो,” बापूसाहेब आवाज उतरवून म्हणाले, “निवृत्त झाल्यापासून तिचं मन लागत नव्हतं. व्हिडिओ करायची, पण ते कुणी बघतंय की नाही, काही पत्ता नसायचा. बंदच करणार होती. त्या आठवड्यात तुमचा फोन आला.”

बाई चहा घेऊन आल्या. “काय सांगताय त्यांना?”

“काही नाही. हवापाण्याचं.”

मी उभा राहिलो. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मी चादर पुढे केली आणि नुसता “बाई” म्हणालो. त्यांनी चादर घेतली, तिच्यावरून हात फिरवला.

“छान मऊ आहे,” त्या म्हणाल्या. “आता चहा घ्या आणि इकडे बसा. मी ते नऊ नंबरच्या धड्यात अडकले आहे. मला पंच्याखाली अजून तुमच्यासारखं भरभर जमत नाही. तुम्ही ओळी कशा ओलांडता ते शिकवा मला.”

त्या धड्यांवर आज कितीतरी मुलं-मुली शिकली आहेत. परभणीहून, चंद्रपूरहून, कुठून कुठून त्यांचे फोन येतात. बाईंना आता नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यातले बरेचसे माझ्याकडे वळवलेले असतात, आणि मी ते घेतो. पण त्या रविवारी तसलं काही आमच्या मनात नव्हतं. बाईंनी मला कीबोर्डासमोर बसवलं आणि स्वतः बाजूला स्टूल ओढलं. मी कुठल्या कळीने कुठे जातो ते सांगत होतो, त्या कीबोर्ड स्वतःकडे ओढून करून बघत होत्या, चुकत होत्या, पुन्हा करत होत्या. पलीकडे सुगंधा आणि बापूसाहेब भाकरी-चटणीबद्दल बोलत होते. मग तेही बोलणं थांबलं. नवव्या धड्यातली एक ओळ आम्हा दोघांनाही दाद देत नव्हती.

मागे पावलं वाजली.

“अगं, किती वेळ असे अंधारात बसलात दोघं?” बापूसाहेब म्हणाले. “दिवा तरी लावू का?”

“थांबा हो जरा,” बाई म्हणाल्या, “ही एवढी ओळ ऐकू दे.”